वीतभर सावली

मशिदीच्या फळ्यावर समितीचा कागद लागला तेव्हा मी खजुराची टोपली घेऊन घरी चालले होते. कागदावर चारच ओळी होत्या, पण तिसऱ्या ओळीने माझं डोकं फिरलं. मशिदीखालच्या मोकळ्या जागेत गाड्यांसाठी फरशी बसवली जाईल. त्या जागेतला 'टेलिफोनचा जुना खांब' उपटून टाकला जाईल. काम राष्ट्रीय दिनाआधी पुरं होईल.

टेलिफोनचा खांब! एकतीस वर्षं मी या सुफैल गावातल्या मुलींना भूगोल शिकवला. नकाशे शिकवले, वारे शिकवले, सूर्य कुठून कुठे जातो ते शिकवलं. मुलग्यांच्या शाळेत काय शिकवत होते अल्ला जाणे. त्यातलेच मोठे होऊन समितीवर बसले आणि त्यांना आपल्या आजोबांचं घड्याळ ओळखता येईना.

कारण तो खांब म्हणजे घड्याळच होतं. आमच्या फलजचं पाणी, म्हणजे डोंगराच्या पोटातून येणारा पाट, सगळ्या बागांना पाळीपाळीने मिळतं. रात्रीच्या पाळ्या ताऱ्यांवर चालायच्या आणि दिवसाच्या या खांबाच्या सावलीवर. भोवती जमिनीत दगडांच्या रांगा बसवलेल्या होत्या. खांबाच्या टोकाची सावली एका रांगेला टेकली की एकाच्या बागेचं दार बंद, दुसऱ्याचं उघडं. पुढे पुराने त्या रांगांवर रेव आणली, समितीने गाड्या रुतू नयेत म्हणून वर आणखी चार ट्रक ओतली, आणि दिसायला उरला नुसता खांब. त्यावर कोणीतरी पाटी ठोकली, 'येथे गाड्या धुऊ नयेत'. त्या पाटीखाली रोज एक तरी गाडी धुतली जायची.

आणि त्या सावलीची राखण करणारा गावचा शेवटचा पाटकरी म्हणजे माझे बाबा, झहरान.

घरी आले तर बाबा दाराशी सतरंजीवर बसून स्वतःसाठी कॉफी ओतत होते. शहाऐंशी वर्षांचे आहेत, एका डोळ्याला नीट दिसत नाही, पण कॉफी स्वतःच ओततात.

"बाबा, खांब काढतायत."

"काढू देत," ते म्हणाले. "डोळ्यातलं एक कुसळ जाईल."

पण किटली हातात तशीच राहिली. फिंजान, म्हणजे त्यांची ती इवलीशी वाटी, अर्धी भरली होती आणि ती भरायचं त्यांना सुचेना. मग ते म्हणाले, "रय्या, मी मेलो की लोक म्हणतील, चला, दगड सरकवणाऱ्या झहरानला पोचवून येऊ. तेवढं एक ऐकायचं टळलं असतं तर बरं झालं असतं. बाकी काही नाही."

बाकी काही नाही म्हणे! बेचाळीस वर्षं आमच्या घराच्या छातीवर जो धोंडा आहे, तो हाच.

सांगते. बेचाळीस वर्षांपूर्वी बाबा हजला गेले. सहा आठवड्यांनी परतले तेव्हा कळलं की मागे खांब वाळवी लागून पडला होता आणि गावाने तो पुन्हा उभा केला होता. तोच खांब, त्याच खड्ड्यात. बाबांनी सगळ्यांना दुवा दिली आणि कामाला लागले. त्या हिवाळ्यात एका दुपारी मुहन्नाकाका तावातावाने मशिदीत शिरले. मुहन्नाकाका बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. काही वर्षं बहारीनला राहून आले होते, आणि येताना एक मनगटी घड्याळ, एक भलीमोठी करवत आणि उठसूट लोकांना शहाणपण शिकवायची सवय घेऊन आले होते. त्यांची पाळी दिवसातली शेवटची, संध्याकाळच्या बांगेपर्यंत. बाबांची भर दुपारची. दुपारचं अर्धं पाणी ऊनच पितं, त्यामुळे ती पाळी कोणालाच नको असायची आणि पाटकऱ्याला मजुरी म्हणून मिळायची.

"दुपारची पाळी दोन तासांची," काका सगळ्यांसमोर घड्याळ नाचवत म्हणाले. "ती भरते दोन तास आणि वर आठ मिनिटं! माझी सुरू होते चार मिनिटं उशिरा, आणि बांग काही माझ्यासाठी थांबत नाही. माझं पाणी गेलं कुठे? झहरानच्या खजुरीत! यात पाणी मुरतंय नाही तर काय?"

सावली खोटं बोलत नाही, मग दगडच सरकवला असणार, असं ठरलं. बाबांना मशिदीत शपथ घ्यायला सांगितलं. बाबा म्हणाले, "एकोणीस वर्षं माझ्या शब्दावर तुमच्या बागा वाढल्या. आज शपथ मागता?" त्यांनी पाटकऱ्याची काठी तिथेच भिंतीला टेकवली आणि घरी आले. शपथ घेतली नाही म्हणजे चोर, असा सरळ हिशोब झाला. महिन्याभरात समितीने मशिदीत भिंतीवरचं घड्याळ लावलं आणि खांबाकडे पुन्हा कोणी पाहिलं नाही. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. पाटावर भांडी घासायला गेले की बायका म्हणायच्या, "रय्या, जरा सरक की. तुमच्या घरात सरकवायची कला आहेच." आणि हसायच्या. मी आजही पाटावर कोणाच्या शेजारी बसत नाही.

तर त्या संध्याकाळी मी समितीच्या प्रमुखाच्या, नबहानच्या घरी गेले. आमच्याकडे काम घेऊन आलेला माणूस फिंजान घेतो, समोर ठेवतो आणि पीत नाही. 'झालं तुझं काम' असं यजमानाने म्हटल्यावरच ओठाला लावायचं. नबहानने कॉफी ओतली, मी फिंजान समोर ठेवला आणि हाताची घडी घालून बसले.

"बाई, हे काय," नबहान कसनुसा हसला. "ठेकेदार ठरलाय. एका खांबासाठी..."

मी फिंजानाला हात लावला नाही. पडद्यामागून त्याची बायको बुशरा बाहेर आली. माझी विद्यार्थिनी, भूगोलात नेहमी पहिली. तिने एकदा फिंजानाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"बाई आपल्या घरातून कॉफी न पिता गेल्या तर मी उद्या तोंड कुठे दाखवू?"

"गुरुवारपर्यंत," नबहान घाईघाईने म्हणाला. "गुरुवारी संध्याकाळपर्यंत सिद्ध करा की तो खांब म्हणजे काहीतरी आहे. नाहीतर शनिवारी फरशी. आता प्या."

मी प्याले. थंड झाली होती, पण इतकी गोड कॉफी मी बऱ्याच दिवसांत प्याले नव्हते.

खांबाची नोंद व्हावी म्हणून वारसा खात्याला मी तीन अर्ज आधीच पाठवले होते. चौथा अर्ज न पाठवता फोनच केला आणि वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. सोमवारी सकाळी पांढऱ्या गाडीतून शैमा नावाची तरुण मुलगी उतरली. पायात मजबूत बूट, डोक्यावर रुमाल आणि त्यावर उन्हाची टोपी. आल्या आल्या तिने खांबाभोवती एक फेरी मारली, नखाने लाकूड खरवडलं, नबहानकडून शिडी मागवली आणि वर चढली.

"सिदरचं, म्हणजे बोरीचं लाकूड आहे," ती वरूनच ओरडली. "आणि टोकाला तांब्याची टोपी. टेलिफोनच्या खांबाला तांब्याची टोपी घालतात का हो तुमच्या गावात?"

"मग तार कुठे गेली?" नबहानने विचारलं.

"तार कधी नव्हतीच, शहाण्या," मी म्हटलं.

शैमा खाली उतरली. "बाई, मला तर पटलं. पण नुसत्या खांबाची नोंद करता येत नाही. दगडांच्या रांगा दाखवा, म्हणजे हे घड्याळ आहे असं मी लिहून देईन."

रांगा हातभर रेवेखाली होत्या. मजूर मिळेनात. मग बुशराने फोनवर बोटं नाचवली आणि तासाभरात माझ्या सतरा-अठरा विद्यार्थिनी हजर झाल्या. कोणी डॉक्टरीण, कोणी शिवणकाम करणारी, दोघी-तिघी आज्या झालेल्या. कोणी फावडं आणलं होतं, कोणी घमेलं, एकीने तर भाकरीच्या पिठाचा कुंचा आणला होता, आणि शैमाने नेमका तोच उचलून घेतला. रेव उपसताना त्यांनी जी काही थट्टामस्करी चालवली, ती मी इथे लिहिणार नाही. वर्गात एवढं बोलल्या असत्या तर सगळ्यांना बाकावर उभं केलं असतं.

पण रांग काही सापडेना. खणणार तरी किती? जागा ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तो बेचाळीस वर्षांत त्या जागेकडे फिरकला नव्हता.

मी घरी गेले. विनवणी करून बाबा हलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणून दारातूनच म्हटलं, "बाबा, शहरातली ती मुलगी म्हणते, सकाळच्या रांगा खांबाच्या पूर्वेला असणार. आता तिकडे खणतायत."

"पूर्वेला?" बाबा ताठ बसले. "सकाळची सावली पूर्वेला पडते? काय शिकवतात तरी काय यांना! आणि तू भूगोलाची बाई असून गप्प बसलीस?"

"मला कोण विचारतंय."

"काठी दे माझी."

अशा रीतीने बाबा आले. माझा खोटेपणा त्यांना रस्त्यातच कळला असणार, कारण पोचल्यावर त्यांनी शैमाला काही सुनावलं नाही, फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खांबाला पाठ लावून उभे राहिले, मान वळवून सूर्य कुठे आहे ते पाहिलं आणि म्हणाले, "'म्हातारी' इथून सतरा पावलांवर." म्हातारी म्हणजे ज्या रांगेवर दुपारची पाळी सुरू व्हायची तिचा मोठा दगड. पाळी संपायची त्या रांगेचा दगड 'उंटाचा गुडघा'. त्यांनी सतरा पावलं मोजली आणि काठी रोवली. बायकांनी खणलं. काहीच नाही. आणखी खणलं. नुसती रेव.

बाबांचा चेहरा उतरला. "मी विसरलो असेन," ते हळूच म्हणाले. मला त्या क्षणी त्यांना इथे आणल्याचं फार वाईट वाटलं.

तेवढ्यात बुशरा हसायला लागली. "बाबाजान, तुम्ही विसरला नाहीत. तुमची पावलं आता कोंबडीएवढी पडतात! तेव्हा तुम्ही चव्वेचाळीस वर्षांचे होता ना? बाई, तुम्ही टाका सतरा, ढांगा टाकत."

मी ढांगा टाकल्या. अगदी लाज सोडून. सतराव्या ढांगेवर खणलं आणि फावडं खणकन वाजलं. म्हातारी! पाठीला बाक असलेला, चुन्यात बसवलेला काळा दगड. आणि तिच्या मागे, एकामागे एक, सगळी रांग. आज्या झालेल्या माझ्या मुलींनी जिभा नाचवत जो काही आनंदाचा उलूलू केला, तो ऐकून वरून इमामसाहेब बाहेर आले.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या रांगा उघड्या पडल्या. शैमा पिठाचा कुंचा घेऊन प्रत्येक दगडाच्या कडेने पोटावर सरपटत होती. शेवटी उठून बसली, कपाळावर चुन्याचा पट्टा, आणि मोठ्याने म्हणाली, "हे दगड बसवल्या दिवसापासून कोणी हलवलेले नाहीत. चुना कुठेही फुटलेला नाही, नव्याने भरलेला नाही. मी हे सहीनिशी लिहून देते."

मला रडूच आलं. गावातले पुरुष आता कडेने उभे होते, त्यांनी ऐकलं. मी बाबांकडे वळले. वाटलं, ते आता हसतील. ते हसले नाहीत.

"दगड हललेला नाही हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण मुहन्नाचं घड्याळही खोटं बोलत नव्हतं, रय्या. आठ मिनिटं खरंच जास्त होती. ती कुठून आली, या विचाराने मी बेचाळीस वर्षं झोपलो नाही. उद्या घड्याळ लावून बघा. सगळ्यांसमोर."

"बाबा, कशाला? झालं की."

"झालं नाही."

बुधवारी दुपारी अर्धं गाव जमलं. फरशीवाला ठेकेदारसुद्धा आला, उगाच. शैमाने फोनवरचं घड्याळ लावलं. सावलीचं टोक म्हातारीच्या रांगेला टेकलं तेव्हा तिने वेळ मोठ्याने सांगितली. मग सगळे दोन तास खजूर खात, कॉफी पीत बसले. दोन तास पूर्ण झाले. सावली उंटाच्या गुडघ्यापासून चार बोटं लांब. एक मिनिट. तीन मिनिटं. पाच. आठ मिनिटं होऊन गेली तेव्हा कुठे टोक गुडघ्याला टेकलं.

"आठ," मागून आवाज आला. मुहन्नाकाका. पंच्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत आलेले, आणि मनगटावर तेच बहारीनचं घड्याळ, काच पिवळी पडलेली. "मी तेव्हाही आठच म्हटलं होतं. म्हटलं होतं की नाही?"

बाबा खाली मान घालून बसले होते. मला काकांचा असा संताप आला की काय सांगू. पण संतापाबरोबर डोक्यात परवाची गोष्ट घोळायला लागली. परवा दगड जागेवर होते आणि तरी मोजणी चुकली होती. का? कारण मोजणारी पावलं आखूड झाली होती.

"शैमा," मी म्हटलं, "सावली म्हातारीपाशी खऱ्या दुपारच्या किती आधी आली? आणि गुडघ्यापाशी किती नंतर?"

तिने कागदावर आकडे मांडले. "सारखंच. एक तास चार मिनिटं आधी, एक तास चार मिनिटं नंतर."

"मग ऐका!" मी उठून उभी राहिले. समोर गाव होतं, पण मला वर्गच दिसत होता. "कोणी एक रांग सरकवली असती तर एकाच बाजूला फरक पडला असता. दोन्ही बाजूंना सारखा पडलाय. सकाळी सावली आखडत येते, संध्याकाळी लांबत जाते. खांब आखूड झाला तर सकाळी ती रांगेपाशी लवकर येणार आणि दुपारनंतर उशिरा पोचणार. दुपारची पाळी दोन्हीकडून फुगणार, पहिली आणि शेवटची मार खाणार. दगड नाही हलला. खांब आखूड झालाय!"

"पहिली पाळी माझ्या आजोबांची होती," बुशरा म्हणाली. "म्हणजे तेही लुटले गेले?"

"गेले. पण त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, म्हणून सुखात मेले."

लोक हसले. शैमा तोवर गुडघ्यावर बसून खांबाचं बूड मोकळं करत होती. नबहानने बाह्या सरसावल्या आणि तोही बसला. हातभर खाली गेल्यावर शैमाने हात थांबवला. "जुने सुतार खांबाचं बूड तासून निमुळतं करत," ती म्हणाली. "याचं बूड सपाट आहे. आडवं कापलेलं. आणि हे दात बघा, करवतीचे. मोठी करवत होती. गावात तेव्हा करवत कोणाकडे होती?"

म्हातारे एकमेकांकडे पाहायला लागले आणि मग एकेक जण मुहन्नाकाकांकडे पाहायला लागला. गावात करवत एकच होती. घड्याळाबरोबर आलेली.

काका काठी टेकत पुढे झाले. मग ते खांबाजवळ आले, वाकले आणि त्या कापावर हात ठेवला.

"वाळवीने बूड खाल्लं होतं," ते म्हणाले. "सडकं लाकूड परत पुरलं तर पुन्हा पडेल, म्हणून मी कापलं. वीतभर. फक्त वीतभर! हाजी येईल, आल्या आल्या त्याला त्रास नको म्हणून." ते बाबांकडे वळले. "पुण्याचं काम म्हणून केलं रे, झहरान. फुकट केलं. एक बैसासुद्धा घेतला नाही!"

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता काठी उचलतात. त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढे झाले, तर ते हसत होते. आधी आवाज न करता, मग खोकत, मग पोट धरून.

"फुकट!" बाबा म्हणाले. "अरे गाढवा, पैसे घेतले असतेस तर निदान कोणाच्या लक्षात तरी राहिलं असतं! स्वतःच्या हाताने कापलास आणि बोंब माझ्या नावाने मारलीस?"

"मला काय ठाऊक! खांब तोच होता ना!"

"तोच होता म्हणूनच मलाही कळलं नाही," बाबा डोळे पुसत म्हणाले. "खाली रेव भरली असेल म्हणून ठेंगणा दिसतो, असं वाटलं मला. दोघंही गाढव आपण."

मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. आठ मिनिटं सापडली होती, आणि ती बाबांच्या बागेत नव्हती.

गुरुवारी खांब काढून खड्ड्याच्या तळाशी दगड आणि चुना भरला. शैमाने लोखंड लावू दिलं नाही, जोड देऊ दिला नाही. खांब तोच, फक्त वर उचलायचा. किती उचलायचा, यावर ती टेप काढायला लागली तर बाबा म्हणाले, "टेप ठेव. मुहन्ना, तुझी वीत दे." काकांनी पंजा ताणून चुन्याच्या थरावर ठेवला आणि शैमाने तिथे खूण केली. पंजा जुन्या वितीला पुरेना, म्हातारपणी आखडला होता, म्हणून वर एक बोट धरलं. दुपारी सावली म्हातारीला टेकली आणि बरोब्बर दोन तासांनी उंटाच्या गुडघ्याला. शैमाने फोन वर धरून सगळ्यांना दाखवला. नबहानने खांबावरची गाड्या धुण्याची पाटी स्वतः उचकटली. समितीचा नवा कागद संध्याकाळी लागला. गाड्यांची जागा पाटापलीकडे गेली होती आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्या लाल पेनाने दुरुस्त केल्या.

शुक्रवारी नमाजानंतर लोक चपला शोधत होते तेव्हा मुहन्नाकाका मशिदीच्या पायरीवर उभे राहिले. भाषण वगैरे काही नाही. "झहरानने दगड सरकवला नव्हता," ते म्हणाले. "खांब मी कापला होता. ज्यांनी माझं ऐकून त्याला नावं ठेवली, त्यांनी आता माझं ऐकूनच ती परत घ्यावीत." मग ते थेट आमच्या घराच्या रस्त्याला लागले. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

बाबा दाराशी नेहमीच्या जागी बसले होते. मी खजूर आणि हलवा पुढे ठेवला. बाबांनी स्वतः कॉफी ओतली, या वेळी पूर्ण फिंजान. काकांनी तो घेतला, समोर ठेवला, पण ते प्याले नाहीत. गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

काम काय आहे, हे बाबांनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. वाफ निघणाऱ्या त्या फिंजानाकडे बघत ते शांतपणे म्हणाले, "तुझं ते घड्याळ आहे ना हातात?"

"आहे."

"चालतं?"

"चालतं."

"मग बघत बस. आठ मिनिटं झाली की सांग."

काका बघत बसले. बाबा अंगणातल्या लिंबाच्या सावलीकडे बघत बसले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि हसू दाबायला ओढणीचा पदर तोंडात धरला होता. वाफ कमी होत गेली आणि थांबली. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघी-तिघी बायका थबकल्या, आत डोकावल्या आणि पुढे गेल्या. मला वाटतं, त्या पाटावर माझ्या शेजारी बसल्या असत्या, मी बसू दिलं असतं तर.

"आठ," काका म्हणाले.

"झालं तुझं काम," बाबा म्हणाले. "पी."

काकांनी ती गार कॉफी एका घोटात संपवली. आमच्याकडे पुरे झालं की माणूस फिंजान हलवून परत देतो. काकांनी तो हलवला नाही, तसाच पुढे धरला. बाबांनी पुन्हा भरला. पाच वेळा भरला. सहाव्या वेळी किटली रिकामी झाली आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"रय्या," बाबा म्हणाले, "दुसरी ठेव. घाई नाही."